साठवण आणि संग्रह

गेल्या वैशाखांत वर्ध्यास चुलतभावाच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. विदर्भांतील वैशाख म्हणजे काय, हें ज्यांनीं तो अनुभवला आहे त्यांस सांगावयास नको, आणि ज्यांनीं अनुभवला नाहीं त्यांस सांगून पटावयाचें नाहीं. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळत होता आणि घरोघरचे कूलर दिवसभर धापा टाकीत होते. एके दिवशीं सायंकाळीं सातच्या सुमारास वीज गेली. सारी आळी अंधारांत बुडाली. लोक हातपंखे घेऊन ओट्यांवर येऊन बसले. आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरांत मात्र दिवा जळत होता, आणि विजेच्या शेगडीवर वरणाला उकळी येतच होती. ओट्याखालीं एका लहानशा ट्रंकेएवढी बॅटरी ठेवलेली होती. छपरावरच्या सौरपॅनेलांनीं दुपारभर जें गोळा केलें, तें ती रात्रीं शेगडीला पुरवीत होती. भावाचा चेहरा कृतार्थतेनें फुलला होता. तेवढ्यांत झोपाळ्यावर बसलेले काका म्हणाले, "वर्ध्यांत राहून शेवटीं संग्रहच शिकलास कीं रे!"

काकांचें वय ऐंशीच्या पुढें गेलें आहे. मगनवाडींतील व सेवाग्रामांतील जुन्या माणसांत त्यांचें बालपण गेलें. त्यांच्या बोलण्यांत थट्टा होती, पण ती सगळी थट्टा नव्हती. भावानें हंसून वेळ मारून नेली. मला मात्र त्या वाक्यानें रात्रभर सोडलें नाहीं. साठवणें आणि संग्रह करणें यांत नीतीच्या दृष्टीनें कांहीं भेद आहे काय? असल्यास तो कोठें आहे? आणि आपलें घर दुसऱ्यावर अवलंबून राहूं नये ही इच्छा सद्गुणांत मोडते, कीं तो सभ्य वेष घेतलेला स्वार्थच असतो? प्रश्न एका शेगडीवरून निघाला असला तरी त्याची व्याप्ति शेगडीपुरती नाहीं, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करावा असें वाटलें.

या प्रश्नाची परंपरा वर्ध्यास जुनी आहे. १९३४ सालच्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, आणि जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या बागेंत त्याचें ठाणें बसलें. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हें नांव मिळालें. घाणी, हातकागद, गूळ, मधमाशा अशा उद्योगांबरोबरच तेथें दिवा आणि चूल या दोन अगदीं घरगुती वस्तूंचाहि विचार झाला. खेड्यांतील रात्र त्या काळीं परदेशांतून येणाऱ्या रॉकेलावर उजळत असे. गांवच्या घाणीचें तेल ज्यांत जळूं शकेल असा कंदील तेथें तयार झाला, तो मगनदीप. पुढें धूर बाहेर नेणारी आणि थोड्या सरपणांत अधिक शिजविणारी मगनचूल आली. आज हे प्रयत्न कोणास बाळबोध वाटतील. परंतु घरांतला दिवा कोणाच्या तेलावर जळतो, या प्रश्नाला नैतिक प्रश्नाची प्रतिष्ठा प्रथम येथें मिळाली, हें विसरून चालणार नाहीं.

त्या प्रश्नाला तात्त्विक बैठक दिली ती संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनीं. जबलपूरच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९४५ सालीं गांधींच्या प्रस्तावनेसह निघालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं निसर्गसंपत्तीचे दोन वर्ग केले. कोळसा, खनिज तेल, धातू यांचा पृथ्वीच्या पोटांत ठराविक सांठा आहे. त्यांतून जेवढें काढावें तेवढें उणें होतें. उलट नदीचें वाहतें पाणी किंवा वनांतील वाढतें लाकूड यांचा केवळ प्रवाह अगर वाढ आपण उपयोगांत आणली तर मूळ ठेवा अखंड राहतो. पहिल्या वर्गावर उभारलेली समाजरचना क्षणभंगुर असते, आणि शिवाय सांठा थोड्यांच्या हातीं असल्यामुळें ती भांडणास व हिंसेस प्रवृत्त करते. दुसरीवर उभारलेली रचना टिकाऊ होऊं शकते. पुढील पाऊणशें वर्षांतील तेलासाठीं झालेलीं युद्धें पाहिलीं म्हणजे हा विचार वेळेआधीं मांडला गेला होता, चुकीचा मांडला गेला नव्हता, असें म्हणावें लागतें.

ही कसोटी आपल्या स्वयंपाकघरास लावून पाहूं. वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाट, आर्वी, देवळी, कोठेंहि गेलें तरी वेचणी संपल्यावर शेतांतून पऱ्हाटीच्या मोळ्या घरीं येतात आणि वर्षभर चुलींत जातात. कुमारप्पांच्या कसोटीला पऱ्हाटी पूर्णपणें उतरते, कारण ती दर वर्षीं नव्यानें उगवते. पण त्या चुलीपुढें बसून ज्या बायांनीं डोळे लाल करून घेतले व छातीचें दुखणें ओढवून घेतलें, त्यांना ही कसोटी पुरेशी वाटली असती काय? निसर्गाच्या प्रवाहाशीं न्यायानें वागणारी चूल गृहिणीशीं अन्यायानें वागत होती. म्हणून नंतर आलेल्या रॉकेलच्या स्टोव्हचें आणि त्याहून अधिक गॅसच्या शेगडीचें स्त्रियांनीं जें स्वागत केलें, त्यास चैन म्हणणें हा कृतघ्नपणा होईल. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें तो गॅस गरिबांच्या दारांतहि नेला. तरी एवढें खरें कीं गॅस हा सांठ्यांतलाच माल आहे, आणि आपला देश वापरतो त्यापैकीं निम्म्याहून अधिक गॅस बाहेरून आणावा लागतो. आखातांत तोफ उडाली कीं आर्वीच्या गृहिणीला पुढल्या सिलिंडरची चिंता पडते.

मग विजेची शेगडी आणावी, असें कोणीहि म्हणेल. येथें थोडें गणित करणें अवश्य आहे. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो. त्याच्या उष्णतेपैकीं भांड्यांत जाते ती दोन-तृतीयांशाच्या आंतबाहेर; बाकीची हवेंत जाते. तेंच काम इंडक्शन शेगडीकडून करून घेण्यास सुमारें १३५ युनिटें वीज लागते. म्हणजे ज्या कुटुंबाला एक सिलिंडर दीड महिना पुरतो, त्याला रोजचीं तीन युनिटें झालीं. पण ही वीज येते कोठून? कोळशापासून एक युनिट वीज काढावयास सुमारें पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. एका सिलिंडरच्या जागीं कोळशाच्या विजेवर स्वयंपाक करणारें कुटुंब दीड महिन्यांत शंभर किलो कोळसा जाळतें. फक्त तो त्याच्या डोळ्यांसमोर जळत नाहीं. तो जळतो चंद्रपुरास, कोराडीस, खापरखेड्यास. चंद्रपूरचें औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचें आहे. त्याची राख व धूर ज्यांच्या अंगणांत उतरतात, ते आपल्या पंगतीस नसतात. आपल्या जिल्ह्याला जिनें नांव दिलें त्या वर्धा नदीच्याच खोऱ्यांतून हा कोळसा निघतो. भूगर्भशास्त्राच्या नकाशांत त्या कोळसाक्षेत्राचें नांवच वर्धा खोरें असें आहे. धूर एका घरांतून उचलून दुसऱ्या गांवीं नेऊन टाकला तर तो नाहींसा झाला असें समजणें, ही नीतीच्या हिशेबांतली मोठी चूक आहे.

तेव्हां उरतें ऊन, आणि उन्हाची कमतरता वर्ध्यास कधींच नव्हती. एक किलोवॅटचीं पॅनेलें छपरावर घातलीं तर वर्षाच्या सरासरीनें दिवसाला चार युनिटें मिळतात. स्वयंपाकाला लागतात तीन. हिशेब इतका सरळ असतां अडतें कोठें? अडतें तें वेळेवर. सूर्य बारा वाजतां दानशूर असतो, आणि आपला भात रात्रीं आठ वाजतां शिजतो. १ कोटि घरांच्या छपरांवर पॅनेलें बसविण्याची केंद्र सरकारची योजना फेब्रुवारी २०२४ मध्यें निघाली, आणि तिच्यामुळें पुष्कळांची अशी समजूत झाली आहे कीं, दुपारीं आपण जास्तीची वीज तारेवर सोडतों व रात्रीं तीच परत घेतों. वीजबिलापुरतें हें खरें आहे. निसर्गापुरतें नाहीं. दुपारीं सोडलेली वीज त्याच क्षणीं दुसऱ्या कोणीं तरी वापरलेली असते. रात्रीं आपण घेतों ती बहुतांशीं चंद्रपूरची असते. सायंकाळीं सात ते दहा या वेळांत घराघरांतून दिवे, कूलर, शेगड्या एकदम सुरू होतात, तेव्हां कोळशाच्या भट्ट्यांनाच कंबर कसावी लागते. उलटपक्षीं राजस्थानांत २०२५ सालीं दुपारची सौरवीज घ्यावयास पुरेशी वाट नाहीं म्हणून ती सोडून द्यावी लागली. दुपारीं वाया जावें आणि रात्रीं उणें पडावें, हा दोष उन्हाचा नाहीं, साठवणीच्या अभावाचा आहे.

ही साठवण उपकरणाच्याच पोटांत किंवा शेजारीं करावी, ही कल्पना आतां ठिकठिकाणीं रूप घेऊं लागली आहे. अमेरिकेंत पोटांत बॅटरी असलेल्या शेगड्या निघाल्या आहेत. साध्या खिळ्यावरून त्या दिवसभर थोडी थोडी वीज पितात आणि रात्रीं एकदम मोठी आंच देतात. त्यामुळें घरांतल्या तारा बदलाव्या लागत नाहींत. आपल्याकडे इंडियन ऑईलच्या फरीदाबादच्या संशोधनशाळेनें २०२२ सालीं सूर्य नूतन नांवाची शेगडी पुढें आणली. तिची साठवण उष्णतेच्याच रूपानें होते, आणि आकाश ढगाळलें तर ती तारेवरची वीज घेते. ज्या संस्थेचा रॉकेलचा नूतन स्टोव्ह आमच्या पिढीच्या घरांत फरफरत होता, तिनेंच त्याच नांवाला सूर्य जोडावा, यांत एक गमतीचा योग आहे. माझ्या भावाच्या ओट्याखालची बॅटरी लिथियमची आहे. तिच्यांत शंभर भाग वीज भरली तर नव्वदीच्या आसपास परत मिळते. स्वयंपाकाच्या एका दिवसाची साठवण करणाऱ्या अशा बॅटरीचें वजन पंचवीस-तीस किलो भरतें. घरांतल्या धान्याच्या डब्याएवढें म्हणा.

आतां काकांच्या आक्षेपाकडे वळूं. साठवण म्हणजे संग्रह काय? संग्रहाला आपल्या नीतिविचारानें दोष दिला तो वस्तु जवळ असण्याबद्दल नव्हे. शेतकऱ्याची कणगी, गृहिणीचा रांजण, पावसाळ्यासाठीं घातलेले पापड-सांडगे यांना कोणी पाप म्हटलें नाहीं. व्यापारी दुष्काळांत कोठार बंद करून बसतो तेव्हां मात्र लोकांचा क्रोध होतो. भेद दोन ठिकाणीं दिसतो. पहिला हा कीं, जें जवळ केलें तें दुसऱ्याच्या तोंडचें काढून केलें कीं काय? दुसरा, जें जवळ केलें तें वापरून रितें होतें, कीं नुसतें वाढतच राहतें? रांजण रोज भरतो आणि रोज रिता होतो, म्हणून तो साठवण. सावकाराची तिजोरी भरतच जाते, म्हणून तो संग्रह. दुपारचें जें ऊन छपरावर पडून नुसतें तापून जात होतें, त्यांतून तीन युनिटें घेऊन रात्रीं खर्चून टाकणारी बॅटरी या दोन्ही कसोट्यांना उतरते. कोळशाच्या ढिगाऱ्यापेक्षां ती रांजणाच्या जातीची आहे.

परंतु येथें थांबलों तर आपलीच समजूत घालून घेतल्यासारखें होईल. कारण रांजण कुंभाराच्या मातीचा असतो, बॅटरी तशी नसते. लिथियम हा कुमारप्पांच्या पहिल्या वर्गांतला, म्हणजे ठराविक सांठ्यांतलाच पदार्थ. तो ऑस्ट्रेलियाच्या खडकांतून येतो, किंवा चिलीच्या अटाकामा वाळवंटांतील खाऱ्या पाण्यांतून. तेथें पाण्याचा एकेक थेंब मोलाचा. प्रवाहाचा उपभोग घेण्यासाठीं सांठ्याला हात लावावा लागतो, ही विसंगति मान्य केलीच पाहिजे. तरी जळणांत आणि भांड्यांत एक भेद आहे. जाळलेला कोळसा परत मिळत नाहीं. बॅटरींतील धातू वर्षानुवर्षें राबून शेवटीं जागच्या जागीं असतो आणि पुन्हां काढतां येतो. अर्थात् तो काढला गेला तर. येथेंच आपली मध्यम वर्गाची परीक्षा आहे. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी निकामी झाली कीं आपण ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवतों, चार रुपये घेतों, आणि विषय संपला असें समजतों. कोठें तरी उघड्यावर ती फोडली जाते, भट्टींत शिसें वितळवितात, आणि त्याची वाफ तेथें खेळणाऱ्या पोरांच्या रक्तांत उतरते. २०२२ सालापासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी कायद्यानें उत्पादकांवर टाकली आहे. पण चार रुपये कमी घेऊन ती योग्य ठिकाणीं पोंचविण्याची जबाबदारी कायदा आपल्या मनावर टाकूं शकत नाहीं. वस्तु घेतांना जो विवेक आपण मिरवितों, तो ती टाकतांना टिकला तरच खरा.

तिसरा आक्षेप याहून अवघड आहे, आणि मला तो त्या रात्रीं ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यांकडे पाहून सुचला. २००५ सालानंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत विदर्भाच्या खेड्यांनीं दहा-दहा, बारा-बारा तास अंधारांत काढले. शहरांतल्या आपल्या वर्गानें काय केलें? इन्व्हर्टर घेतले. त्याआधीं वीज गेली कीं वकील, मास्तर, दुकानदार मिळून वीजकचेरीवर जात. अर्ज लिहीत, भांडत. इन्व्हर्टर आल्यावर ज्यांना लिहितां-बोलतां येत होतें त्यांचा अंधार संपला, आणि अंधाराविरुद्ध बोलणारेंहि कोणी उरलें नाहीं. आपल्या स्वावलंबनाची किंमत अशी दुसऱ्यानें भरली. आज छपरें असलेलीं, पैसे असलेलीं घरें आपापली वीज पिकवून सामाईक तारेपासून दूर झालीं, तर त्या तारेचा, खांबांचा, रोहित्रांचा खर्च मागें राहिलेल्यांवर पडेल; आणि मागें राहणार ते भाड्याच्या खोलींतले, झोपडींतले, छप्पर नसलेले. वहिनींकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंच्या घरीं आजहि पऱ्हाटी पेटते. सिलिंडर आहे, पण तो पाहुण्यांसाठीं राखलेला. त्यांच्या छपराचे पत्रे स्वतःच्या मालकीचे नाहींत. त्यांवर पॅनेल कोण घालणार?

या आक्षेपाला चोख उत्तर मजजवळ नाहीं. परंतु दिशा दिसते, आणि ती पुन्हां मगनवाडींतूनच दिसते. त्या माणसांनीं मगनदीप केला तो एका घरानें गांवापासून सुटावें म्हणून नव्हे. गांवच्या तेलीकाकांची घाणी चालावी, गांवचा पैसा गांवांत राहावा म्हणून. त्यांचें स्वावलंबन घराचें नव्हतें, गांवाचें होतें. हाच अर्थ आपल्या बॅटरीला देतां येईल काय? मला वाटतें, येईल. तार तोडून टाकणारी साठवण एक, आणि तारेला जोडलेली राहून सायंकाळच्या गर्दींत तिचा भार हलका करणारी साठवण दुसरी. जो सात वाजतां आपल्या साठ्यावर शिजवितो, त्यानें तेवढी वीज त्या वेळीं दुसऱ्यासाठीं सोडलेली असते, आणि चंद्रपूरच्या भट्टींतला तेवढा कोळसा वांचविलेला असतो. पाणवठ्यावर गर्दीच्या वेळीं ज्याच्या घरीं रांजण भरलेला आहे त्यानें मागें सरून उभें राहावें, तसेंच हें. आणि जें एका घराला परवडतें तें एखाद्या आळीला, शाळेला, ग्रामपंचायतीला मिळून अधिक स्वस्तांत परवडावें, यांत अशक्य असें कांहीं नाहीं. भाडेकऱ्याला छप्पर नसलें तरी शाळेला असतें. अशक्य एवढेंच कीं आपलें भागल्यावर आपण दुसऱ्यासाठीं अर्ज लिहीत राहूं, ही संवय आपोआप लागेल.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं हें सारें काकांना सांगितलें. ते शांतपणें ऐकत होते. मग म्हणाले, "तुझा रांजणाचा दृष्टान्त मला पटला. पण आमच्या लहानपणीं रांजण दाराबाहेर असे, आणि वाटसरू त्यांतून पाणी पीत."

त्यावर मला बोलण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं. भाऊ मात्र उठला आणि ओट्यावरून समोरच्यांना हांक मारून म्हणाला कीं, संध्याकाळीं वीज गेली तर मुलांना अभ्यासाला इकडेच पाठवा. एवढ्यानें सामाजिक विषमतेचा प्रश्न सुटत नाहीं, हें मी जाणून आहें. त्याचा मोठेपणा सांगावा असा माझा हेतुहि नाहीं. तसेंच, घरीं परतल्यावर मींहि तशाच बॅटरीची चौकशी केली, आणि ती करतांना माझ्या मनांत चंद्रपूरच्या धुरापेक्षां स्वतःच्या सोयीचा विचार पुढें होता, हें वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. सोयीसाठीं घेतलेल्या वस्तूलाहि पुढें धर्म चिकटवितां येतो, असा माझा समज आहे. मात्र तो चिकटविण्याचें काम विकणारा करून देत नाहीं. वीजकचेरीकडे त्या आळीच्या रोहित्राबद्दल करावयाचा अर्ज मीं त्याच दिवशीं वर्ध्यांत लिहून दिला. त्यावर पहिली सही काकांची आहे आणि दुसरी भावाची, ज्याला आतां त्या रोहित्राची गरज उरलेली नाहीं.